ॲनिमेशन कॉलेजचा पोर्टफोलिओ: नदीकाठच्या मुलांनी फाइलमध्ये काय ठेवायचं?



एरवी या पानावर आपण मत्स्यबीज, जाळी, तलावाचा ठेका आणि बाजारभाव यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्या घरातलाच. दहावी किंवा पीयूसीला असलेलं एखादं पोर वहीच्या मागच्या पानावर सारखं चित्रं काढत बसतं आणि एक दिवस म्हणतं, "मला ॲनिमेशन शिकायचंय." घरात प्रश्न पडतो की कार्टून काढून पोट भरतं का? पैसा किती लागेल? आणि कॉलेजवाले "पोर्टफोलिओ आणा" म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

पोट भरतं की नाही, हे एका लेखात सांगता येणार नाही. पण पोर्टफोलिओ कसा तयार करायचा, ते नक्की सांगता येतं. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. चांगल्या पोर्टफोलिओला लागणारा सगळ्यात महाग माल आपल्या मुलांकडे फुकट आहे. तो म्हणजे रोज डोळ्यांसमोर हलणारं पाणी, मासा, जाळं आणि कष्ट करणारी माणसं. हे सोडून मुलं टीव्हीवरची कार्टून उतरवून काढतात आणि तिथेच मागे पडतात.

१. पोर्टफोलिओ म्हणजे काय?

साध्या शब्दांत, तुमच्या मुलाच्या कामाची निवडक फाइल. मार्कलिस्ट सांगते की मुलानं काय पाठ केलं. ही फाइल सांगते की मुलाला काय दिसतं, दिसलेलं कागदावर उतरवता येतं का, आणि त्याच्या डोक्यात स्वतःची गोष्ट आहे का. बघणारे मास्तर सुंदर चित्र शोधत नाहीत. शिकवलं तर शिकेल असं पोर शोधतात.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्या मराठीतलंच आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायचा होता, पण पैसा लावायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी भाषण दिलं नाही. कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि कॅमेरा एका जागी ठेवून थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत गेले. ती पट्टी पडद्यावर चालवली, तर बघता बघता बियाचं रोप झालेलं दिसलं. ते बघून पैसे देणारा माणूस मिळाला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. वाटाण्याची ती छोटी फिल्म म्हणजे फाळक्यांचा पोर्टफोलिओच म्हणा. घरातली वस्तू, भरपूर धीर आणि "मला हे जमतं" याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काडेपेटीतल्या काड्या हलवल्या. आज मोबाइलवर मुलं ज्याला स्टॉप मोशन म्हणतात, ते हेच.

२. कुठे काय मागतात?

सगळीकडे सारखं नसतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी हे समजून घ्या.

अहमदाबादची एनआयडी ही सरकारी संस्था १९६१ पासून आहे. तिथे ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा चार वर्षांच्या बी.डेस. पदवीतला एक विषय आहे. प्रवेशासाठी आधी प्रिलिम्स आणि मग मेन्स अशी परीक्षा असते. तिथं बसून चित्र काढावं लागतं, हातानं वस्तू करून दाखवावी लागते.

यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. पीयूसीची कुठलीही शाखा चालते. एक भाग संगणकावर असतो, दुसरा कागदावर हातानं काढायचा. ही परीक्षा सलग दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच देता येते. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये ॲनिमेशनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. म्हणजे आधी इथे कलेची पदवी करून नंतर तिकडे जायचा रस्ताही खुला राहतो.

बिदरहून सगळ्यात जवळ पडतं ते हैदराबाद. तिथल्या जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स विद्यापीठात बी.एफ.ए. ॲनिमेशन आहे, त्यासाठी त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना किती जागा, हे माहितीपुस्तिकेत आधी बघा.

पुण्याच्या सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनसारख्या खासगी संस्थांत परीक्षेनंतर पोर्टफोलिओ समोर ठेवून मुलाखत होते. तिथे फाइल थेट कामाला येते.

घराजवळ राहायचं असेल तर कलबुर्गीतही दृश्यकलेचं कॉलेज आहे. चित्रकलेचा पाया पक्का करून मग ॲनिमेशनकडे वळणारे पुष्कळ असतात. कलबुर्गीच्या एस. एम. पंडित रंगमंदिरात आपण कधी ना कधी कार्यक्रमाला गेलेलो असतो. ज्यांचं नाव त्याला आहे ते पंडित १९१६ साली याच गावात जन्मले, मद्रास-मुंबईला जाऊन रीतसर चित्रकला शिकले, आणि सिनेमाची पोस्टरं व कॅलेंडरं यांतून त्यांचं काम देशभर घराघरांत लागलं. आपल्या भागातून कोणी जात नाही, असं मुलाला म्हणण्याआधी हे नाव आठवा.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जिथे फाइल मागत नाहीत, तिथेही परीक्षेत तेच तपासतात जे फाइल तयार करताना हाताला येतं. म्हणून पोर्टफोलिओची मेहनत कुठेच वाया जात नाही.

३. फाइलमध्ये काय ठेवायचं?

एकूण १५ ते २० पानं पुरे. पण त्या वीस पानांसाठी दोनशे पानं काढावी लागतात. टोपलीभर मासळीतून निवडून वरचा थर लावतो, तसंच हे.

(अ) समोर बघून काढलेली चित्रं: ६ ते ८ पानं

फोटो बघून नाही, प्रत्यक्ष समोर बसून. करंजा धरणाच्या काठावर ओढून ठेवलेली नाव. जाळं सांधत बसलेले आजोबा. तराजूसमोर बसलेली आई. बर्फाच्या पेटीतला कटला. आठवडी बाजारात मासळीभोवती जमलेली गर्दी. गाणगापूरच्या संगमावर स्नानाला उतरणारी माणसं.

यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. माणसाचं शरीर, त्यातही हात आणि पाय, कारण तिथेच चोरी पकडली जाते. दुसरं, जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं ते नीट आलंय का. नाव समोरून, बाजूनं आणि वर बांधावर उभं राहून अशी तीनदा काढली की हे आपोआप कळतं. तिसरं, वस्तूचं वजन. पाण्यानं भिजलेलं जाळं आणि वाळलेलं जाळं कागदावर वेगवेगळं दिसलं पाहिजे.

साहित्य साधंच चालतं. एक बॉलपेन, २बी आणि ६बी पेन्सिल, एक छोटी वही. खोडरबर शक्यतो घरी ठेवून जावं. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर रेघ येऊ दे. मास्तरांना ते आवडतं, कारण त्यातून शोध दिसतो.

(ब) हालचालीची चित्रं: ३ ते ४ पानं

ॲनिमेशनचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आता आपलं फेकजाळं घ्या. अंगाला पीळ देण्यापासून जाळं पाण्यावर पडेपर्यंत दोन-तीन सेकंद धरले, तर २४ ते ३६ चित्रं झाली. सगळी काढायची गरज नाही. फाइलसाठी त्यातल्या मुख्य सहा अवस्था काढा:

पहिली, जाळं कोपरावर आणि खांद्यावर घेऊन उभा माणूस. दुसरी, तो उलट दिशेला वळतो, गुडघे वाकतात. तिसरी, अंग पुढे फिरतं, पण जाळं अजून मागेच आहे. चौथी, हात सुटतात आणि जाळं हवेत उघडायला लागतं. पाचवी, पूर्ण गोल, आणि कडेचं शिसं सगळ्यांत आधी पाण्याला टेकतंय. सहावी, माणूस तोल सावरून उभा, हातात फक्त दोरी.

या सहा चित्रांत ॲनिमेशनचे मोठे धडे आहेत. दुसऱ्या अवस्थेला तिकडे ॲन्टिसिपेशन म्हणतात. पुढे फेकायचं तर आधी मागे जावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला जोर दिसत नाही. तिसऱ्या आणि चौथ्यात शरीर पुढे गेलं तरी जाळं मागून येतं. याला फॉलो थ्रू म्हणतात. साडीचा पदर, घोड्याची शेपटी, मुलीची वेणी, सगळ्यांना हाच नियम. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या दोन कलाकारांनी १९८१ मध्ये एका पुस्तकात ॲनिमेशनची अशी १२ तत्त्वं मांडली. जगभरच्या कॉलेजांत ती शिकवतात. त्यातली अर्धी आपल्या घरातला माणूस रोज सकाळी पाण्यात उभा राहून करून दाखवतो. मुलानं फक्त बघायचं आहे.

दुसरा विषय माशाचा. वांब सगळं अंग नागासारखं वळवत जाते. रोहूचं डोकं जवळजवळ स्थिर, मागचा अर्धा भाग आणि शेपूट काम करतं. मरळ दबा धरून एका जागी थांबते आणि एकदम झेप घेते. तिघांची चाल वेगळी, म्हणून चित्रं काढायची पद्धतही वेगळी. २००३ साली 'फाइंडिंग नीमो' हा माशांचा सिनेमा करताना पिक्सार कंपनीनं ॲडम समर्स नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाला बोलावून मासे पोहतात कसे ते शिकून घेतलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे शिकायला लागलं, ते आपल्याकडे सातवीतलं पोर काठावर उभं राहून सांगतं. तिन्ही माशांची चाल एका पानावर शेजारी शेजारी काढली, खाली दोन ओळी लिहिल्या, तर असं पान दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये सापडणं कठीण.

सराव असा करा. घरच्या कुणाला तरी कामात असताना बघायचं. ३० सेकंदांत एक चित्र, मग १ मिनिटात एक, मग २ मिनिटांत एक. नाक-डोळे काढायचे नाहीत. पाठीचा कणा कुठे वाकला आणि भार कुठल्या पायावर आहे, एवढंच. रोज वीस चित्रं. महिनाभरात हात सुटतो.

(क) स्वतःचं एक पात्र: २ पानं

एक पात्र घडवा. समोरून, बाजूनं, मागून असं तीन बाजूंनी काढा. मग त्याचे चार-पाच चेहरे: राग, भीती, हसू, कंटाळा, खोटं बोलताना. पात्र राजा किंवा रोबोच पाहिजे असं नाही. जाळ्यातून रोज एक मासा पळवणारा बगळा घ्या. किंवा सोसायटीच्या मीटिंगला नेहमी उशिरा येणारे एक काका. पात्राची सवय ठरली की त्याचं अंग आणि चाल आपोआप ठरते.

(ड) गोष्टीचे चौकोन: १ ते २ पानं

याला स्टोरीबोर्ड म्हणतात. सहा ते बारा चौकोनांत गोष्ट सांगायची, शब्द कमीत कमी. एक नमुना बघा. पहाटे बाप-लेक नावेत. जाळं जड लागतं. दोघंही खूश. ओढल्यावर आत मोठं कासव. बाप जाळ्याकडे बघतो, कारण सोडवायचं तर जाळं कापावं लागणार. लेक बापाकडे बघते. पुढच्या चौकोनात रिकामं पाणी आणि दूर जाणारी एक रेघ. शेवटच्यात दोघं काठावर बसून जाळं सांधतायत.

प्रत्येक चौकोनात कॅमेरा कुठे आहे, याचा विचार दिसला पाहिजे. जड जाळं दाखवायचं तर ताणलेल्या दोरीच्या जवळ जा. एकटेपण दाखवायचं तर लांब जा, नाव छोटी होऊ दे. हा नमुना मात्र उतरवू नका. तुमच्या घरात यापेक्षा चांगल्या गोष्टी आहेत.

(इ) एक छोटी फिल्म: १० ते २० सेकंद

वहीच्या कोपऱ्यात एकेक चित्र काढून पानं फडफडवली तरी ॲनिमेशन होतं. मोबाइलवर करायचं तर स्टॉप मोशन स्टुडिओ किंवा फ्लिपाक्लिप ही ॲप आहेत. कॉम्प्युटर मिळत असेल तर क्रिता, पेन्सिल टूडी, ब्लेंडर हे सगळे फुकट आणि कायदेशीर आहेत. महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी घेऊ नका.

१० सेकंदांना १२ च्या हिशेबानं १२० फोटो लागतात. मोबाइल दोन विटांमध्ये घट्ट अडकवा. ऊन-सावली बदलते, म्हणून एकाच बैठकीत काम संपवा. शिंपले, शिशाचे मणी, दोरीचा तुकडा, नदीकाठची माती, काहीही हलवता येतं. गुळगुळीत व्हावं म्हणून धडपडू नका. पात्र विचार करतंय असं एकदा जरी वाटलं, तरी फिल्म जमली.

(फ) हातानं केलेल्या वस्तू

मातीचा मासा, तारेची नाव, पुठ्ठ्याचं घर, बैलपोळ्याचे बैल, स्वतः विणलेल्या जाळ्याचा तुकडा. यांचे नीट फोटो एका पानावर लावा. जाळं विणणाऱ्या हातांना आपल्याकडे कोणी कलाकार म्हणत नाही, पण डिझाइनच्या मास्तरांना त्या गाठीत बुद्धी दिसते. बिदरच्या मुलांनी एखाद्या बिदरीच्या कारखान्यात बसून कारागिरांचे हात आणि नक्षी काढावी. बिदरी कामाला २००६ मध्ये जीआय मानांकन मिळालं आहे आणि ते आपल्या दारात आहे.

४. काय ठेवायचं नाही?

डोरेमॉन, शिनचॅन, मोटू-पतलू यांची नक्कल नको. कितीही हुबेहूब असली तरी ती दुसऱ्याची कल्पना आहे. कॅलेंडरवरचे देव नकोत. फोटोवर कागद ठेवून गिरवलेलं नको. एआयनं बनवलेलं स्वतःचं म्हणून दाखवू नका. क्लासच्या सरांनी दुरुस्त केलेलं चित्र नको, आणि पैसे देऊन करून घेतलेली फाइल तर अजिबात नको. मुलाखतीत कागद पुढे सरकवून "हेच पुन्हा काढून दाखव" म्हटलं की दोन मिनिटांत सगळं उघडं पडतं.

५. हे आपल्या लोकांना नवीन नाही

मासे पकडणं आणि चित्रं हलवणं यांचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर त्याला कर्नाटकातल्या किल्लेक्यात, म्हणजेच शिळ्ळेक्यात समाजाबद्दल सांगा. या समाजात मराठी वळणाची बोली बोलतात. त्यांची दोन परंपरागत कामं: नदी-तळ्यात मासेमारी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. चामडं पातळ करायचं, त्यावर रंग भरायचे, हात-पाय सांध्यात बांधायचे आणि दिव्यापुढे धरून पडद्यावर रामायण-महाभारत उभं करायचं. कन्नडमध्ये याला तोगलु गोंबेयाट म्हणतात. सांध्यात हलणारं पात्र, मागून उजेड, पुढे पडदा. कॉम्प्युटरवर आज कापीव तुकड्यांचं जे ॲनिमेशन करतात, त्याची रीत हीच आहे.

आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळ गावच्या भीमव्वा शिळ्ळेक्यातर या आजींना या कलेसाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना अशाच बाहुल्यांच्या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलाखतीत "तुला हे का शिकायचंय?" विचारलं, तर सांगायला आपल्याकडे इतिहास आहे.

६. वेळेचा हिशेब

परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला असतात आणि अर्ज त्याआधी दोन-तीन महिने सुटतात. तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या अधिकृत साइटवरच बघा. पीयूसीच्या पहिल्या वर्षापासून तयारी केली तर उत्तम. एकच वर्ष हातात असेल तर असं वाटून घ्या:

जून ते ऑगस्ट: पावसाळ्यात जाळी घरात असतात, माणसंही घरात असतात. बसलेली, झोपलेली, जाळं सांधणारी माणसं काढा. रोज एक तास.

सप्टेंबर-ऑक्टोबर: काठावर जाऊन हालचालीची चित्रं. पात्र आणि गोष्ट ठरवा. अर्ज भरा.

नोव्हेंबर: छोटी फिल्म. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा.

डिसेंबर: निवड. दोनशेतून वीस. निवडताना शेजारच्याला विचारू नका, तो सगळ्याला छान म्हणेल. शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांना विचारा: "यातली कुठली पाच काढून टाकू?"

जानेवारी-फेब्रुवारीत पीयूसीची परीक्षा जवळ आलेली असते, म्हणून फाइलचं काम त्याआधीच आटपा.

७. फाइल लावायची कशी?

सगळ्यात चांगलं पान पहिलं, त्याच्या खालोखाल चांगलं शेवटचं. प्रत्येक चित्राखाली एक ओळ: काय आहे, कशानं काढलं, किती वेळ लागला. उदाहरणार्थ, "भीमेचा काठ, सकाळी सहा. बॉलपेन, १५ मिनिटं." बस्स. बॉर्डर, चमकी, फुलं नकोत.

मोबाइलवर फोटो काढायचा तर सकाळी दाराजवळच्या उजेडात, कागदावर थेट ऊन पडू न देता. फ्लॅश बंद. मोबाइल कागदाच्या बरोबर वर आणि सपाट. मग सगळं एका पीडीएफमध्ये. फाइल किती एमबीची पाहिजे ते फॉर्ममध्ये दिलेलं असतं. कच्ची वही मात्र फेकू नका. मुलाखतीला बरोबर न्या. कित्येकदा मास्तर फाइल बाजूला ठेवून वहीच उघडतात.

मुलाखतीत काय विचारतात? हे चित्र का काढलं, इथे काय चुकलंय असं तुला वाटतं, शेवटची कुठली फिल्म पाहिली आणि ती का आवडली. इंग्रजी फाडफाड यायला पाहिजे असं नाही. मोडक्या हिंदी-इंग्रजीत, पण स्वतःचं उत्तर द्यावं. घरी रोज जेवताना मुलाला एक चित्र समजावून सांगायला लावा. आई-बापाला समजलं तर मास्तरांनाही समजेल.

८. कागदपत्रं: इथे बऱ्याच जागा हातच्या जातात

राज्यातल्या प्रवेशासाठी ३७१-जे चं प्रमाणपत्र काढून ठेवा. या तरतुदीनं कल्याण कर्नाटकातल्या मुलांना आपल्या भागातल्या संस्थांत ७० टक्के आणि राज्यपातळीवरच्या संस्थांत ८ टक्के जागा राखीव आहेत. एनआयडी आणि आयआयटी केंद्राच्या संस्था आहेत, तिथे ते चालत नाही.

आपल्यातल्या पुष्कळ घरांकडे राज्याचं प्रवर्ग-१ चं जात प्रमाणपत्र असतं. केंद्राच्या संस्थांना ते पुरत नाही. त्यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागतं, तेही चालू वर्षातलं. आपली जात केंद्राच्या यादीत कुठल्या नावानं आहे, ते तहसील कचेरीत आधी तपासा. परीक्षा पास झाल्यावर धावपळ करू नका.

महाराष्ट्रात जायचं असेल तर तिथल्या सीईटी कक्षाच्या काही प्रवेशांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद असते. आपला अभ्यासक्रम त्यात येतो का आणि आपलं गाव यादीत आहे का, हे माहितीपुस्तिकेत बघा.

शिष्यवृत्तीसाठी राज्याचं एसएसपी पोर्टल आणि शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टल आहे.

९. आता आई-वडिलांसाठी चार शब्द

पहिलं, फीसाठी नाव विकायचा निर्णय घाईनं घेऊ नका. शहरात "शंभर टक्के नोकरी" अशी पाटी लावलेले वर्ग पुष्कळ आहेत. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची? गेल्या वर्षीच्या मुलांचं काम दाखवता का? मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, ते लेखी देता का? उत्तर टाळलं तर उठून या. उत्तर मिळालं तरी त्याच दिवशी पैसे भरू नका, घरी येऊन चौघांत बोला.

दुसरं, मुलाला खरंच यात रस आहे का, हे तपासायचा स्वस्त उपाय म्हणजे वर सांगितलेला रोजचा एक तास. तीन महिने पोरानं न सांगता वही भरली, तर रस आहे. पंधरा दिवसांत वही बंद पडली, तर लाखभर रुपये वाचले असं समजा आणि रागावू नका.

तिसरं, मुलींचं. काठावर बसून चित्र काढायला मुलगा सहज जातो, मुलीला "घरात बसून काढ" म्हणतात. मग तिच्या फाइलमध्ये नुसत्या रांगोळ्या आणि मेंदी येते, आणि दोष तिच्या हाताला लागतो. तिला बरोबर घेऊन जा. मासळीचा लिलाव चालू असताना तिला एका बाजूला तासभर बसू द्या.

चौथं आणि शेवटचं. मुलांसाठी बसा. म्हणजे खरोखर दहा मिनिटं न हलता बसा, आणि त्यांना तुमचे हात काढू द्या. दोरीनं पडलेले घट्टे, बोटांवरच्या काट्यांच्या खुणा, वाकलेलं नख. असे हात चित्रात आणणं शहरातल्या मुलाला अवघड जातं, कारण त्याला ते बघायलाच मिळत नाहीत. तुमच्या पोराला मिळतात.

ज्यांच्या घरी असं चित्रं काढणारं मूल आहे, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला त्याची वही बरोबर आणावी. नक्कल कुठली आणि स्वतःचं काम कुठलं, एवढं जरी आपण सगळ्यांनी मिळून वेगळं केलं, तरी फाइलची सुरुवात झाली असं समजा.